एका कडेचा डिंक

डिंककाकांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम चिकट असे. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या ब्लॉकमध्ये गणपतीची आरती झाली आणि त्यांनी प्रसादाला हात पुढे केला की काकू सगळ्यांदेखत म्हणायच्या, "आधी हात धुवून या, नाहीतर मोदक हातातून सुटायचा नाही." काका निमूटपणे जात, हात धुऊन येत आणि मोदक उभ्यानेच खात. त्यांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. जेवतानाही दोन घास झाले की ते उठून गॅलरीत एक फेरी मारून येत. काकूंनी त्यांच्या पानावर झाकण ठेवायची सवयच लावून घेतली होती.

काका कायद्याच्या एका सरकारी कचेरीच्या ग्रंथालयात नोकरीला होते. संसदेत कायदा बदलला की बदललेल्या मजकुराच्या छापील चिठ्ठ्या येत आणि पुस्तकात त्या त्या कलमावर त्या चिकटवणं हे त्यांचं काम होतं. सबंध आयुष्य माणसाने एवढंच केलं, असं आम्ही पोरं हसून म्हणायचो. निवृत्त झाल्यावर कचेरीने बाद ठरवलेली दंडसंहितेची एक जाडजूड प्रत ते रीतसर अर्ज करून घरी घेऊन आले. मग इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून तेच काम सुरू. सरकारी चिठ्ठ्या बंद झाल्या होत्या, म्हणून ते मजकूर स्वतः टाइप करून घेत आणि कापत.

त्यांची एक ठरलेली रीत होती. केंद्राच्या बदलाला पांढरा कागद, उत्तर प्रदेशच्या बदलाला पिवळा, हरियाणाच्या बदलाला हिरवा. संहिता देशाला एकच असली तरी राज्यं आपापल्या हद्दीत तिच्यात भर घालतात, हे मला पुस्तकाआधी त्या रंगांनी शिकवलं. एखादं कलम न्यायालयाने रद्दबातल ठरवलं तर त्यावर ट्रेसिंग पेपर, म्हणजे खालची अक्षरं दिसत राहत. व्यभिचाराच्या कलमावर तो कागद चढला तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता तुम्ही मोकळे." काका कान लाल करून गॅलरीत निघून गेले.

आणि डिंक कायम चिठ्ठीच्या फक्त वरच्या कडेला. बाकीच्या तीन कडा मोकळ्या. चिठ्ठी उचलली की खालचा जुना मजकूर वाचता आला पाहिजे, यावर ते अडून बसत. मी एकदा मदत करायला गेले आणि चारी कडांना डिंक फासला. काका आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडले ते तेव्हा. मी तेव्हा नववीत होते. एका चिठ्ठीपायी एवढं काय, असं वाटून मी आठवडाभर त्यांच्याकडे फिरकले नाही.

पुढे मी वकील झाले, त्यात त्या टेबलाचा वाटा मोठा आहे. फरीदाबादच्या जिल्हा न्यायालयात कामं करू लागले, तिथेच संसार मांडला. काकू गेल्या. काकांची मुलगी शुभदा, माझी शाळेपासूनची मैत्रीण, केंद्र सरकारच्या नोकरीत लागली आणि तिलाही आर. के. पुरममध्येच क्वार्टर मिळालं, त्यामुळे काका आणि इस्त्रीचं टेबल दोन ब्लॉक पलीकडे गेले एवढंच. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचे. दार उघडताच माझ्या खटल्यांची चौकशी सुरू होई. मी कलम सांगायला लागले की ते हात वर करून मला थांबवत. "आधी तारीख, मग कलम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा. "माणसाने गुन्हा करताना जो कायदा होता, तोच त्याला लागायचा. नंतर वाढवलेली शिक्षा मागे जाऊन कुणाला देता येत नाही." हे मी परीक्षेतही लिहिलं होतं. पाठ असलेल्या गोष्टी आपण ऐकत नाही, तसं मी ते ऐकायचे.

मग २०२४च्या जुलैची पहिली तारीख आली. दंडसंहिता गेली, न्याय संहिता आली. सगळ्या कलमांचे आकडे बदलले. आमच्या कोर्टात नुसती धांदल. जुन्या आकड्यासमोर नवा आकडा लिहिलेला एक तक्ता प्रत्येकाच्या टेबलावर दिसू लागला. मीही तो लॅमिनेट करून घेतला, प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत बसले आणि जुनी पुस्तकं रद्दीत दिली. मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं. शुभदा काकांना चिडवायची, "बाबा, आता काय चिकटवणार? पुस्तकच गेलं." काका फेऱ्या मारत म्हणाले, "गेलं कुठे? जुने गुन्हे संपेपर्यंत ते जिवंत आहे." नव्या संहितेला त्यांनी खाकी कव्हर घातलं आणि जुन्या प्रतीला खेटून ठेवलं. पण त्या दिवसांत त्यांच्या फेऱ्या वाढल्या होत्या. चिकटवायला काही नाही, म्हणून बोटं एकमेकांवर चोळत राहायचे.

पुढच्या हिवाळ्यातला एक रविवार. दुसऱ्या दिवशी माझा एक खटला होता आणि काकांनी सवयीप्रमाणे विचारलं. दिनेश नावाचा क्रेन चालवणारा कामगार, बिहारचा. कारखान्यात त्याच्या हातून लोखंडी माल नीट बांधला न जाता उचलला गेला, तो खाली काम करणाऱ्या माणसावर पडला आणि तो माणूस इस्पितळात मेला. मेलेला दिनेशच्याच गावचा, त्याच्याच खोलीत राहणारा. दिनेश जामिनावर होता, पण त्याला खटला लढवायचाच नव्हता. उद्या उभं राहून गुन्हा कबूल करायचा, एवढंच त्याचं म्हणणं. मी समजावून थकले होते.

"तारीख?" काकांनी विचारलं.

"दोन जुलै. म्हणजे नवा कायदा, काका. निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मी त्याला तसं सांगितलंय."

काका चालायचे थांबले. "दोन जुलैला काय झालं?"

"तो माणूस गेला. त्याच दिवशी एफआयआर झाला."

"माणूस गेला दोन तारखेला. माल कधी पडला?"

मी फाइल उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती, मला आठवत होतं. अठ्ठावीस जून. आरोपपत्रात ती तारीख पहिल्याच पानावर होती आणि मी ती निदान दहा वेळा वाचली असेल. पोलिसांनी एफआयआरचा दिवस बघून नवं कलम लावलं आणि मी माझा लॅमिनेट केलेला तक्ता बघून खूश झाले. जुन्या कायद्यात याच गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षं होती. एक माणूस उद्या सकाळी न लागणारा कायदा अंगावर घेऊन गुन्हा कबूल करणार होता आणि त्याची वकील मी होते.

"उद्या आहे?" काका म्हणाले. "उद्याच आहे? मी येतो."

"बाबा, थंडी बघा," शुभदा म्हणाली. "फरीदाबाद काय जवळ आहे? मनू करेल सगळं."

"मनूने करून ठेवलंय ते ऐकलं ना आत्ता," काका म्हणाले. मला ते लागलं.

मी त्या दिवशी तिथेच मुक्काम केला आणि सकाळी आम्ही दोघं मेट्रोने निघालो. कालकाजीला गाडी बदलली. एका मुलीने "अंकल, बैठिए" म्हणून जागा दिली, तर काका "थँक्यू बेटा, आप बैठो" म्हणून दांड्याला धरून उभेच. बदरपूर येईपर्यंत माझी नेहमीची परीक्षा घेतली. जुन्या संहितेच्या काळात इथे दिल्लीत कुणी तुझी साखळी ओढली तर काय? मी म्हटलं, चोरीचं कलम. आणि पुढच्या स्टेशनाच्या पलीकडे, हरियाणात? तिथे हिरवी चिठ्ठी, झपटमारीचं त्यांचं स्वतःचं जबर कलम. ते खूश झाले. "साखळी तीच, हात तोच. गाडी चार मिनिटं पुढे गेली की शिक्षा वेगळी. म्हणून कुठे आणि केव्हा, हे आधी विचारायचं."

मग ते बाहेर बघू लागले. कारखान्यांची छपरं दिसायला लागली तेव्हा माझ्याकडे न बघता बोलले.

"नोकरीला लागून माझं वर्ष झालं होतं. एका कलमाची शिक्षा वाढली, चिठ्ठी आली. मी ती चारी बाजूंनी पक्की चिकटवली. साहेबांनी पाठ थोपटली, काम किती स्वच्छ म्हणून. सरकारी वकील ते पुस्तक घेऊन कोर्टात गेले. आरोपीचा गुन्हा बदलाच्या आधीचा होता. पण पुस्तकात आधीचं काही दिसतच नव्हतं ना. वाढीव शिक्षा झाली. त्याच्याकडे धड वकील नव्हता. अपिलात चूक निघेपर्यंत जुन्या शिक्षेची मुदत संपून वर आठ महिने गेले होते. ते आठ महिने माझ्या डिंकाचे, मनू."

"काका, कोर्टाचं काम होतं ते. वकिलांचं होतं. तुम्ही नुसती चिठ्ठी लावली."

"हो, सगळे तेच म्हणाले," काका म्हणाले. "तू पण काल तेच म्हणणार होतीस. पोलिसांनी कलम लावलं म्हणून."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा.

कोर्टात मी अर्ज दिला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, माणूस मेल्याशिवाय हा गुन्हा पुरा होतच नाही, म्हणून मृत्यूचीच तारीख धरायची. मी म्हटलं की माझ्या अशिलाने जे काही केलं ते अठ्ठावीस जूनलाच केलं, दोन जुलैला त्याने काहीही केलेलं नाही, तो इस्पितळाच्या दारात बसून होता. ज्या दिवशी कृत्य केलं त्या दिवशीच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देऊ नये, असं संविधान सांगतं. न्यायाधीशांनी आरोपपत्राचं पहिलं पान पुन्हा वाचलं. मागच्या भिंतीला टेकून काका उभे होते, शिपायाने दोनदा बसायला सांगूनही. दुपारच्या सुट्टीआधी कलम दुरुस्त झालं.

बाहेर आल्यावर मी दिनेशला सगळं समजावलं आणि माझी चूक होती हेही सांगितलं. आता तरी लढ, म्हटलं. तो मान हलवत राहिला. "मैडम, गलती तो हुई है. जितना बनता है उतना काट लूँगा. बस उससे ज़्यादा नहीं." काकांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सबंध परतीच्या प्रवासात मात्र ते बसले. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही, न जाणो पुन्हा उठतील.

दिनेशने कबुली दिली आणि त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतर काका मला दर रविवारी फोन करायचे आणि दुसरं काही न विचारता म्हणायचे, "किती राहिले?" मी आठवडे सांगायचे. उन्हाळा लागला तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. शुभदा म्हणाली, बाबा आता दिवसभर पलंगावरच असतात. हे ऐकून मला जेवढी भीती वाटली तेवढी डॉक्टरांचं बोलणं ऐकून वाटली नाही. शेवटच्या फोनवर मी म्हटलं, चार राहिले काका. "बरं," ते म्हणाले. त्यांनी ते चार काही पाहिले नाहीत. दिनेश सुटला त्या सकाळी मी कारागृहाच्या फाटकाशी उभी होते आणि सवयीने फोन हातात घेतला होता.

पंधरा दिवसांनी शुभदाने मला ती जुनी प्रत दिली. "तुलाच राहू दे, माझ्याकडे नुसती धूळ खाईल." मी ती घरी आणून एका दुपारी पान न पान उलटलं. पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्या, सगळ्या एका कडेने धरलेल्या, पंखा लावला की फडफडणाऱ्या. अगदी शेवटच्या पानावर नव्या संहितेतला जुनी संहिता रद्द करणारा मजकूर होता आणि तोही फक्त वरच्या कडेलाच चिकटवलेला.

अर्ध्यावर एक पान कडक लागलं. त्यावरची जुनी, छापील सरकारी चिठ्ठी चारी बाजूंनी पक्की होती, सुबक, एक सुरकुती नाही. तिच्या एका कोपऱ्याशी कागद मात्र झिजून काळपट झाला होता. नखाने खरवडल्याच्या बारीक रेघा होत्या, काही जुन्या पिवळ्या पडलेल्या, काही अगदी ताज्या. बाद झालेली हीच प्रत त्यांनी अर्ज करून का मागून घेतली, ते मला तेव्हा कळलं.

मीही कोपऱ्याला नख लावून पाहिलं, बराच वेळ. चिठ्ठी निघाली नाही. मग पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशीच्या फाइली काढून सगळ्यांच्या तारखा पुन्हा पहिल्यापासून तपासल्या, उभ्यानेच.