हात वर करून घेतलेलं माप

हरणाबाई माप घेताना बाईला आधी हात वर करायला लावायची. "घड धरल्यागत उभी ऱ्हा," म्हणायची आणि मगच टेप काढायची. नवीन बाया हसायच्या. हसेनात का! सोळा वर्षं तासगावच्या द्राक्षबागांत घड विरळून तिनं ही अक्कल कमावली होती, शिवणक्लासातून आणली नव्हती.

मांडवाखाली दिवसभर हात डोक्याच्या वर. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. तो दुसऱ्या दिवशी काखेत उसवायचा, नाहीतर काख सोलून काढायचा. म्हणून तिनं काखेत चौकोनी तुकडा घातला, चौबगला. घड औषधात बुडवताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं, म्हणून मनगटाला घट्ट पट्टी. घडातून कातरलेले मणी खिशात पडून चेंगरतात, म्हणून तळाला मुद्दाम भोक. मणी गळतील, पण कात्री अडकेल एवढंच. आसपासच्या गावांतल्या बाया हाच शर्ट मागायच्या.

ते बघून पलूसचा राजवर्धन आला. घरचा ऊस, पुण्यात मॅनेजमेंट शिकलेला. "मावशी, ही नुसती वस्तू न्हाई, प्रॉडक्ट हाय," म्हणाला. नमुन्याला एक शर्ट नेला, तिचा फोटो काढला. शिरवळच्या एका कारखान्यातून शर्ट शिवून आले. गळ्यातल्या चिठ्ठीवर हरणाबाई हसत होती आणि खाली छापलं होतं, 'हरणाबाईचा शर्ट'.

आठव्या दिवशी शालूबाईनं तसला एक शर्ट तिच्या मशीनवर आणून आपटला. ही शालूबाई इतकी वर्षं बागेत तिच्या शेजारच्या ओळीत उभी राहिलेली.

"तुझं थोबाड बघून घेतला गं! बघ माझी काख."

काख लालभडक सोलली होती. हरणाबाईनं शर्ट उलटा केला. चौबगला नव्हताच. खिशाचं भोकही शिवून टाकलेलं. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

नेमका त्याच दुपारी राजवर्धन दारात टेम्पो घेऊन उभा. आणखी पाचशे शर्ट बाजाराला निघाले होते, त्याआधी त्याला हरणाबाईचा व्हिडिओ काढायचा होता.

"चौबगला कुठं गेला रं?"

"डिझायनरनं काढला, मावशी. हँगरला लावल्यावर काखेत फुगा दिसतो. फोटो चांगला येत न्हाई. आणि खिशाला भोक बघून लोक म्हणणार, माल खराब हाय."

"हँगर जातोय का विरळणीला?"

मशीनजवळ बसलेली शालूबाई फिसकन हसली. राजवर्धनचा चेहरा पडला. "पुढच्या लॉटला बघू की. हे तयार झालेत आता."

"घाल ह्यातला एक. हात वर कर."

"मावशी, आता कशाला..."

"कर म्हणते न्हवं!"

त्यानं घातला, हात वर केले. शर्ट कमरेच्या वर सरकला आणि काखेत टर्रकन आवाज झाला.

"माझ्या मापाचा न्हाई हा," तो पुटपुटला.

"कुणाच्याच मापाचा न्हाई. हात खाली सोडून बागेत कोण उभं ऱ्हातंय?"

तिनं मशीनवरची कात्री उचलली, पदर खोचला आणि टेम्पोत चढली. पहिल्या गठ्ठ्याची दोरी तोडली आणि एकेका शर्टाच्या गळ्यातली चिठ्ठी कापून काढायला लागली.

"मावशी, काय करताय? पाहिजे तर चौबगला तुमीच घाला, मजुरी देतो!"

"उसवून शिवायला शिवणीत कापड तरी सोडलंय का तुमी? ह्येबी वाचवलंय."

"आवं, तुमच्या नावाशिवाय विकू कसा मी हे?"

"ते तुझं तू बघ. बाया माझं तोंड बघून पैसं टाकत्यात. त्यांच्या काखा माझ्या नावानं सोलायच्या न्हाईत."

तो ड्रायव्हरकडं बघायला लागला. ड्रायव्हर रस्त्याकडं.

"सरक गं तिकडं," म्हणत शालूबाई आपली विरळणीची कात्री घेऊन वर चढली.

हरणाबाईनं पुढचा गठ्ठा ओढला.