तळव्यावरचा हात

मधुमेहावर संशोधन करणाऱ्या आमच्या केंद्राचं शिबिर वेल्ह्याजवळच्या एका धनगरवाड्यावर होतं. तिथे आलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळांची साखर फारच वाढलेली निघाली. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पायाला स्पर्श कळतो का ते बघायला नायलॉनच्या बारीक तारेने तळव्याला स्पर्श करू लागले.

"लागलं की सांगा, आजोबा."

टाचेला चांगली खोल जखम होती, तरी ते गप्पच. शेवटी मी तार बाजूला ठेवली, तेव्हा ते म्हणाले, "आता लागतंय."

"मी हात लावलेला नाही."

"तुमी न्हाई. आमची कारभारीण. जाऊन लई दिस झालं, पर पाय दाबायला येती."

साखरेने नसा खराब झाल्या की असे भास होतात, हे मी त्यांना समजावलं आणि साखरेच्या गोळ्यांची पुडी हातात दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गोळ्यांनी ह्ये थांबंल?"

"थांबेल कदाचित."

त्यांनी जखमेला पट्टी बांधू दिली. गोळ्यांची पुडी मात्र बाकावरच ठेवून ते उठले. मी हाका मारत राहिले. अर्धी पायवाट कुणासाठी तरी मोकळी ठेवून, कडेकडेने चालत ते निघून गेले.