गुंड्यांचा हंस

नंदुरबारला आमच्या गल्लीत लग्नाच्या मुली सात होत्या आणि हंस एकच. काळ्या मखमलीवर शर्टाच्या पांढऱ्या गुंड्या ओळीनं शिवून केलेला, वर काच, भोवती लाकडी चौकट. तो मुळात कोणी केला होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणाकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं की सकाळीच हंस त्या घरी जायचा आणि भिंतीवर टांगला जायचा. पाहुण्यांची नजर वर गेली की मुलीची आई पदर सावरून म्हणायची, "हे आमच्या मुलीनंच केलंय." संध्याकाळी हंस परत. मुलीचं शिक्षण, स्वभाव, तब्येत या किरकोळ गोष्टी झाल्या. तिला गुंड्यांपासून पक्षी करता येतो की नाही, यावर संसार चालतो हे त्या काळी सगळ्या शहाण्या माणसांना पटलेलं होतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच हंसाच्या जिवावर जमलं. तिच्या सासूला तो फार आवडला होता. लग्नानंतर महिन्याभरातच तिनं सुनेपुढं अर्धा वार मखमल ठेवली आणि म्हणाली, आता आपल्या घरासाठी एक कर. बहिणीनं जन्मात एकच गुंडी लावली होती, वडिलांच्या सदऱ्याला, आणि तीही उलट्या बाजूनं. पुढं काय झालं ते ती माहेरी येऊन रडत सांगत होती आणि मी तोंडात पदर घालून हसत होते. आईनं मला हसताना पाहिलं.

"तुन्हा हंस तूच करशी," ती म्हणाली. "मांगेल हंस आते पुरे."

आई जवळच्या कोरीट गावची. घरात, बाजारात, देवळात ती अहिराणीच बोलायची. वडील शाळेत मास्तर. ते चुलीपाशीसुद्धा शुद्ध बोलत, त्यामुळे घरात त्यांचं फारसं कोणी ऐकत नसे.

मी सोळा वर्षांची होते आणि लढाईचे दिवस होते. विलायती शिंपल्याच्या गुंड्या बाजारातून नाहीशा झाल्या होत्या. तिकडं मोठमोठी राज्यं उलथत होती आणि इकडं माझ्या हंसाची मान अडली होती. दोन्ही गोष्टींचा काही संबंध असेल असं आईला वाटत नव्हतं. तिनं मला गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याकडे पाठवलं.

"कितल्या गुंड्या पायजे तुले?" त्यानं विचारलं.

"दोनशे."

त्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "एक सदराले पाच लागतस. दोनशे गुंड्यासाठे चाळीस माणसं उघडी करू का?"

तरी त्यानं मशीनच्या खणातून टवके उडालेल्या, भोकं फाटलेल्या गुंड्या काढून माझ्या रुमालात बांधून दिल्या. त्या चाळीसही भरल्या नसत्या. मी उठले तेव्हा त्यानंच सांगितलं, की या गुंड्या काही आभाळातून पडत नाहीत, शिंपल्याच असतात. "तापीमा शिंपल्या कमी शेतस का?"

आईला हे इतकं पटलं की दुसऱ्याच रविवारी आम्ही दोघी कोरीटला गेलो आणि तिथून मामाच्या गाडीतून तापीवर. उन्हाळ्यानं पात्र आत सरकलं होतं. चिखलात पाय घालून आम्ही टोपलीभर शिंपल्या गोळा केल्या. गाडीत त्यांचा जो वास सुटला, त्यानं बैलदेखील मान वाकडी करून चालत होते. घरी आणून त्या राखेच्या पाण्यात उकळल्या. वडील दोन दिवस शाळेत लवकर जात आणि उशिरा परतत.

शिंपलीची गुंडी करणं सोपं आहे, असं ज्यांनी ती कधी केलेली नाही ते सांगतात. आधी सांडशीनं शिंपलीच्या कडा मोडायच्या. मग तुकडा पाट्यावर वाळू-पाणी घालून गोल होईपर्यंत घासायचा. मग सुताराकडून मागून आणलेल्या सामत्यानं, म्हणजे दोरीनं फिरणाऱ्या गिरमिटानं, दोन भोकं पाडायची. पहिलं भोक नीट पडतं. दुसरं पडताना शिंपली तडकते, आणि तोवरची सकाळ वाया जाते. दहा शिंपल्यांतून तीन गुंड्या निघाल्या तर तो दिवस सणाचा. पांढऱ्या भुकटीनं मला शिंका येत, केसांवर ती बसे, आणि शेजारणी येऊन आईला विचारत, पोर पिठाच्या गिरणीत कामाला लावली का? आई त्यांना चहा देत नसे.

करणं जितकं कठीण, तितकंच लावून ठेवणं. मानेला बारीक गुंड्या लागतात, पोटाला मध्यम आणि पाण्यातल्या कमळांना मोठ्या. त्या सुमारास भोकाचा पैसा नवीनच निघाला होता. सरकारनं तांबं वाचवायला पैशाला भोक पाडलं असं वडील सांगत. मला ती सरकारनं माझ्यासाठीच केलेली सोय वाटली. पैशाच्या भोकातून जी गुंडी खाली पडेल ती मानेची, भोकावर जी अडेल ती पोटाची, आणि जी सबंध पैसा झाकेल ती कमळाची. वाटण्या झाल्या, पण ठेवायच्या कशात? सात वाट्यांचा डबा घरात एकच होता, मसाल्याचा. आईनं मोहरी, जिरं, हळद कागदाच्या पुड्यांत बांधली आणि डबा माझ्या हवाली केला. पंधरा दिवस आमच्या वरणाला फोडणी पुड्या सोडून पडत होती. एकदा वडिलांच्या आमटीत एक गुंडी निघाली. त्यांनी ती ताटाच्या कडेला ठेवली आणि "चिंचोका असावा," असं म्हणून जेवण पुरं केलं.

डबा मी धुतला होता, पण हळद अशी धुतल्यानं जाते थोडीच. मानेच्या गुंड्या हळदीच्या वाटीत होत्या. हंस मखमलीवर चढला तेव्हा पोट दुधासारखं पांढरं आणि मान काविळीची. उसवून परत करायला ना गुंड्या होत्या ना माझ्यात जीव. डोळ्याला तपकिरी गुंडी हवी होती, ती वडिलांच्या कोटाची गेली. चोचीला आणि पायांना लागल्या त्यादेखील. पुढं शाळातपासनीस आले तेव्हा वडील हाताची घडी छातीवर घालून उभे राहिले. तपासनिसांनी शेऱ्यात लिहिलं, की मास्तर अत्यंत विनयशील आहेत.

हंस भिंतीवर लागला आणि महिन्याभरात धुळ्याहून पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. मुलगा मान खाली घालून शेव खात होता. अखेरपर्यंत त्यानं शेवेपलीकडं काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या वडिलांनी मला दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं माझ्या वडिलांनी दिली. आत्या मात्र उठून भिंतीपाशी गेली.

"हंस हिनंच केलाय?"

"हिनंच," आई म्हणाली. इतक्या ताठ मानेनं ते वाक्य आमच्या गल्लीत पहिल्यांदाच म्हटलं गेलं असेल.

"मानेला ही पिवळट छटा कशी आणली?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "हळदीनं," मी म्हणाले.

"वा. डोकं आहे मुलीला."

आठवड्यानं पत्र आलं. वडिलांनी ते आईला आणि मला वाचून दाखवलं. मुलगी सुस्वभावी व कामसू दिसते, परंतु वर्णानं आमच्या चिरंजीवांस शोभेलशी नाही. हंस मात्र सर्वांस पसंत पडला. चिरंजीवांच्या धाकट्या बहिणीस पाहावयास लवकरच मंडळी येणार आहेत, तरी हंस काही दिवसांकरिता पाठवल्यास उपकार होतील.

वडिलांनी पत्राची घडी घातली. "पत्र शुद्ध आहे," ते म्हणाले.

तो मुलगा मला आवडला होता असं नाही. त्याचा चेहराच मी पाहिला नव्हता, फक्त भांग पाहिला होता. तरी माझे कान तापले. मी मागच्या दारी गेले आणि उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासत बसले. आत आले तेव्हा आई स्टुलावर चढून हंस खाली उतरवत होती. तो ती फोडते की काय असं मला वाटलं. तिनं पदरानं काच पुसली आणि तो परत टांगला.

"लिखा," ती वडिलांना म्हणाली. "हंस भेटाव नही. पोरले शिकनं व्हई ते आठे धाडा."

वडिलांनी ते शुद्ध करून लिहिलं, की हंस मिळणार नाही, मुलीस शिकावयाचे असल्यास इकडे पाठवावे. कोणी येणार नाही अशी आमची खात्री होती. पण त्या घरात हंसाची गरज अभिमानापेक्षा मोठी असावी, कारण आठ दिवसांत आत्या मुलीला घेऊन आली आणि तिला सोडून गेली. मुलगी टांग्यातून उतरली. माझ्यापेक्षा चांगली दोन बोटं काळी होती. आईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत्याला तिनं काहीही ऐकवलं नाही, आणि आयुष्यात असा संयम तिनं पुन्हा कधी दाखवला नाही. मुलीचा हात धरून ती एवढंच म्हणाली, "ये वं माय, घरमा ये."

मी ठरवलं होतं की हिला नीट शिकवायचंच नाही. पहिल्या दिवशी पाट्यावर बसवलं आणि सहा तास शिंपल्या घासायला लावल्या. ती घासत राहिली. बोटं सोलवटली तर फडकं गुंडाळून घासू लागली. तिसऱ्या दिवशी आम्ही तापीवर शिंपल्या आणायला गेलो, तेव्हा चिखलात वाकलेली असतानाच ती म्हणाली, "पत्रात काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे. मीच बसून उतरवलं. आमच्याकडे अक्षर माझंच चांगलं आहे."

"तुमचं अक्षर छान आहे," मी म्हणाले. माझ्या वडिलांचीच मुलगी मी.

"दादाला तुम्ही आवडला होतात. पण तो बोलला नाही. तो कधीच बोलत नाही."

"मग सुटले मी," मी म्हणाले, आणि ती इतकी हसली की चिखलात बसली. तिथून पुढं तिला शिकवायला मला काहीच अडचण आली नाही.

गुंड्या तिला मस्त जमत. हंस जमेना. मान दर वेळी लांब व्हायची आणि पाय तर दोन काठ्या. चौथ्यांदा उसवायला घेतला तेव्हा तिनं हात थांबवले आणि म्हणाली, हा हंस नाहीच, नदीवर उभा असतो तो बगळा आहे. मग तिनं एक पाय काढून टाकला. बगळा एकदम उभा राहिला. मखमलीवर डुलकी घेतोय आणि एक डोळा मात्र माशावर आहे, असा. माझ्या हंसापेक्षा तो कितीतरी जिवंत होता, आणि हे मला कबूल करायला दोन दिवस लागले.

बगळा घेऊन ती धुळ्याला गेली. पुढचं तिनं पत्रानं कळवलं. पाहुण्यांनी विचारलं, सगळ्या मुली हंस करतात, हिनं बगळा का केला? ही म्हणाली, "हंस मी कधी पाहिला नाही. तुम्ही पाहिलाय का?" ते स्थळ तिथल्या तिथं मोडलं. आत्या तीन दिवस तिच्याशी बोलली नाही, ते दिवस फार सुखाचे गेले असं तिनं लिहिलं होतं. दुसऱ्या स्थळी तोच प्रश्न आला, तिनं तेच उत्तर दिलं, आणि नवरामुलगा मोठ्यानं हसला. तो पारोळ्याला कापसाच्या वखारीत होता. लग्न झालं. आमच्या घरचं कोणी गेलं नाही. आईनं मात्र तिला लुगडं पाठवलं.

माझं लग्न पुढच्या वर्षी झालं. रेल्वेच्या मालगुदामातला कारकून एकटाच मला पाहायला आला. भिंतीकडे त्यानं पाहिलंच नाही, त्याची नजरच अधू होती. मला स्वयंपाक येतो का हे त्यानं विचारलं, मी थोडा येतो म्हणाले, आणि ते खरं निघालं.

दिवाळीला माहेरी आले तेव्हा दार उघडंच होतं. आई ओसरीवर पाटा घेऊन बसली होती, केसांवर पांढरी भुकटी, बाजूला शिंपल्यांची टोपली. आता घरात लग्नाची मुलगी उरली नव्हती. मी विचारलं, हे कोणासाठी?

"कोनसाठे म्हंजे? मन्हासाठे," ती म्हणाली. "मन्हा लगीनमा कोन्ही काय करू दिधं नही."

मखमलीच्या तुकड्यावर खडूनं तिनं एक बैलजोडी काढली होती. बैल ठीक होते. शिंगांना वाकडी गुंडी कशी करायची, यावर ती अडली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले.