हळदीची हद्द

कुणाच्या लग्नात हळदीचा वास आला की मला मुंग्यांची लढाई आठवते. उंब्रजजवळच्या आमच्या गावात वडील आणि धाकटे चुलते शेजारीशेजारी राहायचे, पण उसाच्या बांधावरून दोघांत चार वर्षं अबोला होता. एका दुपारी मधल्या बुटक्या भिंतीवर गुळाचा खडा पडला. आमच्याकडून लाल मुंग्या चढल्या, चुलत्यांकडून काळे मुंगळे, आणि जुंपली. एकेका मुंगळ्याच्या पायाला पाचपाच मुंग्या लोंबकळत होत्या. फौजेतून हवालदार होऊन आलेल्या वडिलांना राहवलं नाही. "ए, तुझं मुंगळं आमच्या हद्दीत घुसल्यात!" पलीकडून चुलते ओरडले, "आवं दादा, मुंगळ्याला सातबारा वाचता येतो व्हय?" मुंगी हळद ओलांडत नाही म्हणून वडिलांनी डबा आणून भिंतीवर हळदीची रेघ ओढली. ती आपल्याकडं वीतभर सरकली म्हणत चुलत्यांनी घरातनं हळद आणून दुसरी रेघ ओढली. तेवढ्यात जोराचा वारा सुटला आणि दोघंही मिशांसकट पिवळेधमक झाले. आई दारातनं म्हणाली, "नवरदेव झालं तयार, आता नवऱ्या कुठनं आणायच्या?" या गडबडीत गुळाचा खडा कुणी नेला, ते कुणालाच कळलं नाही. आता दोघंही थकलेत, बांधाचा वाद मात्र तरणाताठा आहे. परवा मोजणीवाले आले, तेव्हा आईनं चहाच्या आधी विचारलं, "हळद आणू का?"