हळदीचा तजुर्बा

आमचे थोरले दीर, नाना, ताटावर बसले की आधी चिमूटभर पापडखारावर लिंबू पिळत. तो फसफसला की चौफेर अशी नजर टाकत, जणू फेस त्यांच्याच हुकमाने आला. औरंगाबादच्या उर्दू शाळेत शिकून, मॅट्रिकला दोनदा बसून ते शेतीवर परत आले होते.

"तेजाब आन खार भिडले की नमक पैदा होतं. समदी दुनिया ह्याच्यावर चालून राह्यली," असं ते म्हणत. दुनिया चालत होती. शेत गडी चालवत होते.

भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, धाकट्या भावजयीने यायचं नाही, बोलायचं नाही, ही आमची रीत. त्यामुळे त्यांची सगळी विद्या मी दाराआडून ऐकली. ओल्या हळदीला खार लागला की ती लाल होते, एवढं मात्र खरं निघालं.

एकदा त्यांनी मीठ, तुरटी, सोरा, पापडखार कुटून सारख्याच बरण्यांत भरले. उर्दूत नावं लिहून चिठ्ठ्या झाकणांना चिकटवल्या. मग तजुर्बा, म्हणजे प्रयोग, करायला सगळी झाकणं एकदम काढली आणि हाताला येतील तशी परत बसवली.

त्याच आठवड्यात नणंदेच्या, गोदीच्या, लग्नाचे पापड होते. तिची होणारी सासू पापड मोडून, चाखून सुनेचं माहेर जोखणारी. गोदी रडकुंडीला आली होती. "वैनी, पापड बिघडला तर जलमभर टोमणे खायचे मला."

नानांनी पापडखार म्हणून बरणी पाठवली. मी चिमूट हळदीवर टाकली. हळद पिवळीच. मी जाऊबाईंच्या कानात सांगितलं, त्यांनी बाहेर सांगितलं.

"चौथी पास बाई मला शिकवून राह्यली का? झाकणावर लिव्हलंय. उर्दू येतं का तिला? न्हाई ना? मंग?"

उर्दू येत नव्हतं. मी चारही बरण्या मागवल्या, ताटलीत ओल्या हळदीच्या चार टिकल्या काढल्या आणि प्रत्येकीवर एकेक चिमूट टाकली. एकच लाल झाली. त्या टिकलीपाशी तिची बरणी ठेवून ताटली उंबऱ्यावर सरकवली आणि दाराआड झाले.

नाना ती बरणी आत ढकलून म्हणाले, "हा तजुर्बा मीच सांगितल्ता."

पापड फुलले. विहीणबाईंनी दोन मागून खाल्ले. शास्त्राने बहिणीची अब्रू राखली, असं नाना गावभर सांगत फिरले. शास्त्र म्हणजे ते स्वतः.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या साली नाना अंथरुणाला खिळले. "पोटात तेजाब झालंय," म्हणत. हकिमाने पाण्यातून चिमूटभर खार घ्यायला सांगितला. बरण्या उशालाच होत्या, चिठ्ठ्यांसकट. तरी जाऊबाई एक बरणी घेऊन आत आल्या.

"धाकलीला दाखवा म्हंतेत."

हळद लाल झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी दाराआडून त्यांना ऐकू जाईल एवढ्याने बोलले, "खारच हाय."

"बराबर," नाना म्हणाले. "मी तेच म्हणून राह्यल्तो."

दोन दिवसांनी ते गेले. आमचं उभ्या जन्माचं बोलणं ते एवढंच.