नारळावर ठरलेला वेग

अंबडच्या ज्या कारखान्यात मी देखभालीचा इंजिनियर होतो, तिथे पुण्याहून आलेल्या एका डिझाइनवाल्या साहेबांनी कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, उचलून ठेवणारा यांत्रिक हात बसवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो असा झोकात फिरे की आमच्या मॅनेजरसाहेबांची मान डोलू लागे. उचलून, वळून, ठेवून आठ सेकंद. किती अंतर, किती वेळात, किती वेगाने, एवढंच त्या चित्रात होतं. याला कायनेमॅटिक्स म्हणतात. वजन किती, ते हलवायला आणि थांबवायला जोर किती, हे विचारलं की डायनॅमिक्स सुरू होतं. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी हा फरक घोकून घेतात. साहेब बहुधा पेपर देऊन आले आणि विसरले.

चाचणी खंडेनवमीला ठेवली. मशीनला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. पूजेच्या दिवशी तेलकट काळं कास्टिंग बरं दिसणार नाही म्हणून पकडीत नारळ दिला. नारळ आठ सेकंदांत डौलाने पलीकडे गेला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, आणि साहेबांनी त्या नारळावर रोजचं टार्गेट ठरवून टाकलं. कास्टिंग अठरा किलोचं होतं. एवढी अक्कल भाजीवालीच्या तराजूलाही असते.

दसऱ्यानंतर हात कास्टिंग घेऊन वळला की शेवटी हिसका बसे आणि माल खाली आपटे. मशीनवर सिन्नरकडचा एक कंत्राटी ऑपरेटर होता, माझ्याहून वयाने मोठा. त्याने आपल्या मनाने वेग उतरवला. बारा सेकंदांत एकही कास्टिंग पडेना, पण टार्गेटही पुरं होईना. चौकशी लागली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं साहेबांनी पुन्हा तेच चित्र दाखवलं. चित्रात काही पडत नव्हतं, म्हणजे चूक ऑपरेटरची.

त्याने मला बाहेर गाठलं. म्हणाला, "साहेब, त्यांना वजन दिसत नाय. तुमाला तं दिसतंय ना? तेवढं सांगा आत."

मी हो म्हणालो. आत मॅनेजरसाहेबांनी सहज माझ्या बढतीचा विषय काढला आणि अहवाल पुढे सरकवला. ऑपरेटरने परवानगी न घेता वेग बदलला, असं त्यात होतं. खोटं काहीच नव्हतं. कधी बदलला, कितीने बदलला, सगळं बरोबर. का बदलला, तेवढंच नव्हतं. मी सही केली. संध्याकाळी गेटवर त्याचा पास काढून घेतला.

त्या डिझाइनवाल्या साहेबांना निदान अडाणी तरी म्हणता येतं. मला फरक पाठ होता.