दामिनीचं जिनिंग

मनोहरराव ठवकर आमच्या प्रताप नगरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. मागच्या वर्षी एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं काहीतरी भन्नाट बनवलंय, असं माझ्या कानावर आलं होतं. त्यांनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "ते माझं नाही. या, घरात बसा. सांगतो." मग त्यांनी जे सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो आहे. तसं लिहायला त्यांची हरकत नाही, हेही मी विचारून घेतलं.

नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका गोदामात मनोहररावांनी एकतीस वर्षं ट्रक भरून घेतले. हमालांना फक्त हाताने खुणावून कोणती पेटी कुठे बसेल ते सांगायचे, आणि ट्रकमध्ये बोट शिरायला जागा उरत नसे. निवृत्त झाल्यावर मात्र दिवस खायला उठला. त्यातच उन्हाळ्याच्या सुट्टीत नात वेदिका सावनेरहून आली आणि तिच्याबरोबर ठोकळ्यांचा डबा आला. हे ठोकळे एकमेकांत दाबले की खट्‌ आवाज होऊन घट्ट बसतात. सुट्टी संपली, वेदिका गेली, डबा राहिला. सकाळी पेपर वाचून झाला की मनोहरराव जेवणाच्या टेबलावर डबा उपडा करायला लागले. कोणी दार वाजवलं तर वर टॉवेल टाकायचे.

मुलगी सोनिकाने त्यांना फोनवर एका ग्रुपमध्ये घालून दिलं. देशभरातली मोठी माणसं त्या ग्रुपवर आपापली मॉडेलं टाकत. कोणी पायऱ्यापायऱ्यांची विहीर केलेली, कोणी आजीची शिलाई मशीन. कोणत्याही डब्यावर असली चित्रं नसतात. ज्याने त्याने आपल्या डोक्याने जुळवलेली. मनोहरराव फोटो बोटांनी मोठा करून बघत बसायचे. हा कोपरा वळवला कसा, हे वजन पेललं कशाने. कळलं की त्यांना इतका आनंद व्हायचा, की ते आत जाऊन बायकोला, शामलाताईंना, सांगायचे. शामलाताई पोळी लाटता लाटता "हो का" म्हणायच्या. प्रत्येक फोटोखाली ते दोन ओळी लिहीत, आणि त्या उगाच लिहिलेल्या नसत. नेमकं काय आवडलं ते लिहीत.

त्यांचं स्वतःचं काम मात्र साधारणच होतं. तीन महिने खपून त्यांनी एक ट्रक केला. एक दार लाल, एक हिरवं, आणि पुढचं चाक घासायचं.

एके दिवशी ग्रुपवर दामिनी नावाच्या मुलीने एक मॉडेल टाकलं. कापसाचं जिनिंग. सरकी काढायचा जुना कारखाना, पत्र्याची शेड, अंगणात कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग. कापूस म्हणजे नखाएवढे पांढरे गोल ठोकळे, हजारोंनी ओतलेले. बैलांची शिंगं कशाची आहेत हे मनोहररावांना अर्ध्या तासाने कळलं. खेळण्यातल्या माकडांना देतात ती केळी होती. त्या दिवशी त्यांनी दोनच्या जागी अकरा ओळी लिहिल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांचे व्याही आले. गणपतराव चरडे, सोनिकाचे सासरे. सावनेरला शेती आणि कापसाचा व्यापार. नागपुरात डॉक्टरकडे काम होतं, म्हणून सहज डोकावले. टेबलावर टॉवेल टाकायचा राहून गेला होता.

"हे काय इवाई, वेदिका आली हाय काय?" गणपतरावांनी ट्रक उचलून पाहिला.

"वेदिका कुठली जी. यांचंच आहे ते," शामलाताई म्हणाल्या.

गणपतराव हसले. "रिटायर झाला का माणूस पुन्हा लहान होते म्हंतात. ते काही खोटं नाई."

त्यात वाईट काही नव्हतं. पण मनोहररावांची कानशिलं तापली. मोठी माणसंही हे करतात, कसं करतात, एवढंच दाखवायचं म्हणून त्यांनी फोन काढला आणि जिनिंगचा फोटो पुढे केला.

गणपतराव हसायचे थांबले. त्यांनी चष्मा लावला. "हे तर आपल्या सावनेरचं जिनिंग. माह्या बाबासंग मी बंडी घेऊन उभा राहत होतो ना इथं. दोन दोन दिवस नंबर लागे नाई." ते जिनिंग पाडून तिथे प्लॉट पडल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग मान वर करून विचारलं, "हे तुम्ही केलं?"

"हाव," मनोहरराव म्हणाले.

मला सांगताना ते इथे थांबले. "नाही म्हणायचं होतं हो," ते म्हणाले. "पण ते माझ्याकडे तसं कधी पाहतच नव्हते. त्या दिवशी पाहून राहिले होते."

पुढचं खोटं मग आपोआप येत गेलं. मॉडेल कुठे आहे? मित्राकडे, इथे जागा नाही. फोटोत शेडच्या दाराशी ठोकळ्यांचा एक माणूस उभा होता, त्याला डाव्या हाताचा पंजा नव्हता. गणपतरावांनी त्यावर बोट ठेवलं. "याचा हात काहून नाई?"

"तुकडा पडला असन. बसवून टाकीन."

गणपतराव गेल्यावर शामलाताईंनी कप उचलले. "काहून खोटं बोलले तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं. उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी सावनेरहून पाकीट आलं. तिथल्या वाचनालयाच्या समितीवर गणपतराव होते, आणि समितीने जुन्या सावनेरचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. फोटो, तराजू, जुन्या पाट्या. कार्डावर मध्यभागी छापलं होतं : विशेष आकर्षण, जुन्या जिनिंगची प्रतिकृती, कलाकार श्री. मनोहरराव ठवकर, नागपूर. मागोमाग सोनिकाचा फोन. "बाबा, तुम्ही मले सांगतलं पण नाई. इथं मामंजी सगळ्यायले सांगून राहिले. मले इतकं बरं वाटलं."

मनोहररावांनी ते मॉडेल स्वतःच करून बघायचं ठरवलं. बाजारातून दोन डबे आणले, फोटो समोर ठेवला आणि बसले. शेडची मागची भिंत उभी झाली की पुढची कलायची. कापसासाठी गोल ठोकळे निघाले सव्वीस. आठव्या दिवशी शामलाताई म्हणाल्या, "जेवायला टेबल पायजे मले." त्यांनी सगळं डब्यात भरलं.

मग त्यांनी दामिनीला निरोप पाठवला, की भेटायचं आहे. मॉडेल दोन दिवसांसाठी मागायचं, नेऊन ठेवायचं, परत आणायचं, असा त्यांचा बेत होता. कोणाला कळणार नव्हतं.

दामिनी वाडीतच राहत होती, भाड्याच्या दोन खोल्यांत. एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करायची. वय तीसच्या आत. तिने दार उघडलं आणि हात जोडले. "ठवकर काका ना तुम्ही? बैलाची शिंगं ओळखणारे. काका, एवढं बारीक कोणीच पाहत नाही. तुमचं लिहिलेलं मी बाबांना वाचून दाखवलं होतं."

मनोहररावांनी चपला काढायला उगाच वेळ लावला.

मॉडेल पलंगाला लागून एका दाराच्या फळीवर ठेवलेलं होतं. फोटोत दिसत होतं त्याहून कितीतरी मोठं. दामिनी एकेक दाखवत गेली. शेडचं छप्पर उचललं की आत यंत्रांची ओळ, पट्टा फिरवला तर कापूस ओढून घेणारे रूळ फिरायचे. मनोहरराव गुडघ्यावर बसून बघत राहिले. थोडा वेळ ते कशाला आलेत हेच विसरले. शेवटी तो हात नसलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

"याचा हात..." ते म्हणाले.

"ते बाबा आहेत," दामिनी म्हणाली. "सोळा वर्षं होते ते जिनिंगमध्ये. रुळात हात गेला. मी तेव्हा चौथीत होते. हे सगळं त्यांनी सांगितलं तसं केलंय. मी तर आतून कधी पाहिलंच नव्हतं."

आतल्या खोलीतून तिचे वडील पाणी घेऊन आले. ट्रे उजव्या हातात होता. डाव्या हाताचा अंगठा आणि एक बोट तेवढं शिल्लक होतं, त्याने त्यांनी ट्रेची कड सांभाळली होती. मनोहररावांनी पेला घेतला आणि तसाच शेजारी ठेवला. तुकडा पडला असन, बसवून टाकीन. आपलेच शब्द त्यांना ऐकू येत होते.

"काका, काय काम होतं?" दामिनीने विचारलं.

त्यांनी खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. मागायला म्हणून तयार केलेलं एकही वाक्य बोलले नाहीत. "मी व्याह्याले खोटं सांगतलं, का हे मी केलं," ते म्हणाले.

दामिनीने कार्ड वाचलं. वडिलांना वाचून दाखवलं. बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"तुम्हाला आवडलं होतं ना?" ती म्हणाली. "मग माझं नाव सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली नाही. वडील म्हणाले, "ज्यायले खोटं सांगतलं त्यायले खरं सांगून या. आमाले काय सांगता." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मनोहररावांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते बसने सावनेरला गेले. गणपतराव पडवीत दोन शेजाऱ्यांबरोबर बसले होते. शेजारी उठून जाईपर्यंत थांबायचा मोह मनोहररावांना झाला, पण ते थांबले नाहीत. उभ्याउभ्याच बोलले. ते मॉडेल माझं नाही, वाडीच्या दामिनी कोहळे नावाच्या पोरीचं आहे, तिचे वडील इथल्याच जिनिंगमध्ये होते, मी तुमच्याशी खोटं बोललो.

गणपतरावांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "कोहळे," ते म्हणाले. "रुळात हात गेला तो कोहळे?" मनोहररावांनी मान हलवली. "त्याची पोरगी हाय होय ती."

आत गेले आणि छापलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आले. "अर्धे वाटून झाले. हे उरले. तुम्हीच दुरुस्त करा आता."

मनोहरराव पडवीतच बसले आणि पेनने एकेक कार्डावरचं स्वतःचं नाव खोडून वर दामिनीचं लिहीत गेले. मध्येच सोनिका पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं. "बाबा, मले इथंच राह्यचं आहे," ती म्हणाली, आणि तांब्या ठेवून परत आत गेली. त्या चार शब्दांचं काय करावं हे अजूनही कळत नाही, असं ते मला म्हणाले.

दामिनीला बोलवायला गणपतराव स्वतः वाडीला गेले. ती यायला तयार झाली. मनोहररावांना जायचं नव्हतं, पण शामलाताई म्हणाल्या, "नाव छापलं तेव्हा जायचं होतं, मंग आता काहून नाई?" म्हणून गेले.

वाचनालयाच्या हॉलमध्ये मॉडेलभोवती सकाळपासून गर्दी. म्हातारी माणसं वाकून वाकून बघत होती, ही माझी बंडी, इथं आमचा नंबर लागे, असं एकमेकांना दाखवत होती. दामिनीचे वडील मॉडेलजवळ उभे राहून यंत्र कसं चालायचं ते सांगत होते. विचारलं तर हातही दाखवत होते. पहिल्या खेपेला वाटलेली कार्डं लोकांच्या हातात होतीच. कोणीतरी ओळखून मनोहररावांकडे यायचं, पाठीवर थाप टाकायचं. प्रत्येकाला ते सांगत होते, "माझं नाही जी. त्या पोरीचं आहे."

बहुतेक जण "अरे हो का" म्हणून वळत. सिंधूताई म्हणून एक बाई होत्या, जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायच्या. त्यांनी कार्ड पुढे धरलं. "मंग यावर तुमचं नाव कसं आलं गा?"

"मी खोटं सांगतलं होतं, बाई."

सिंधूताईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आपल्या वयाच्या माणसानं," त्या म्हणाल्या आणि मॉडेलकडे गेल्या. मनोहरराव भिंतीला टेकून उभे राहिले. दुपारभर ते तिथेच होते. कोणी बसायला खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

पाचच्या सुमारास गर्दी ओसरली. दामिनी छप्पर उतरवून खोक्यात ठेवत होती. मनोहरराव जवळ गेले, पण हात लावू का, हे विचारायचं त्यांना धाडस झालं नाही. तिने एकदा वर पाहिलं, म्हणाली, "काका, ती कात्री द्या जरा." त्यांनी कात्री दिली. त्या दिवशी त्यांच्यात एवढंच बोलणं झालं.

बाहेर सोनिका उभी होती. "घरी चला जेवायले," ती म्हणाली.

"इवाई म्हणले काय?"

"नाई. मी म्हणून राहिली."

ते गेले. पंगतीत जावई रोहित शेजारी बसला आणि इकडचं तिकडचं बोलत राहिला. गणपतराव समोर होते. कापसाच्या वेचणीला माणसं मिळत नाहीत, यावर ते दुसऱ्या कोणाशी बोलत होते. मनोहररावांच्या पानातली भाजी संपलेली दिसली तेव्हा बोलता बोलताच त्यांनी भांडं त्यांच्याकडे सरकवलं. मनोहररावांनी भाजी वाढून घेतली आणि मान खाली घालून जेवले.